जिराफाच्या मानेत सातच मणके का?

जिराफाची मान सहा फुटांच्या आसपास लांब असते. उंदराची मान बोटाच्या पेरात मावते. देवमाशाला मान आहे हे तर बघून ओळखतासुद्धा येत नाही. पण या तिघांच्या मानेतले मणके मोजले, तर उत्तर एकच येते : सात. घोडा, वटवाघूळ, कुत्रा आणि तुम्हीआम्ही, सगळे त्याच हिशेबात बसतो. जिराफाचा एकेक मणका वीतभराहून लांब. देवमाशाचे मणके चकतीसारखे चपटे, काही जातींत तर एकमेकांना चिकटलेले. आकार हवा तसा बदलला, संख्या मात्र हलली नाही.

मी प्राणिशास्त्र शिकवीत असे तेव्हा या ठिकाणी वर्गातून हमखास प्रश्न येई, ‘‘सर, जिराफाला आणखी चार मणके मिळाले असते तर काय बिघडलं असतं?’’ प्रश्न रास्त आहे. हंसाच्या मानेत वीसहून अधिक मणके असतात आणि त्याचे काही बिघडलेले दिसत नाही. मग सस्तन प्राण्यांवरच ही सक्ती का?

डार्विनने १८५९ साली नैसर्गिक निवडीचा सिद्धान्त मांडला, तेव्हापासून प्राण्याच्या प्रत्येक अवयवाचा काही ना काही उपयोग शोधण्याची आपल्याला सवय लागली. पण निवड करायची तर समोर माल हवा. गृहिणी कितीही चोखंदळ असली, तरी मंडईत जी भाजी आली असेल तीतूनच तिला निवडावे लागते. निसर्गाच्या मंडईत काय येणार, हे ठरते गर्भाच्या वाढीत. काही बदल तिथे सहज घडतात, काही घडतच नाहीत, आणि काही घडले तरी गर्भ तगत नाही. यांनाच वाढीची बंधने म्हणतात. भारताचे नागरिकत्व घेतलेले थोर शास्त्रज्ञ हाल्डेन यांचे शिष्य जॉन मेनार्ड स्मिथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८५ साली या विषयाची सविस्तर मांडणी केली.

मणक्यांचे बंधन कुठून येते? गर्भात पाठीच्या कडेने मांसल गाठींची एक रांग तयार होते. कोणत्या गाठीने मानेचा मणका व्हायचे आणि कोणत्या गाठीने बरगडीवाला छातीचा मणका व्हायचे, हे ‘हॉक्स’ नावाची जनुके ठरवतात. मात्र ही जनुके केवळ मणक्यांचे काम पाहत नाहीत. एकाच कारकुनाकडे चार खात्यांच्या फायली असाव्यात, तसे त्यांचे आहे. त्याच सुमारास घडणाऱ्या इतर अवयवांच्या जडणघडणीतही त्यांचा हात असतो.

नेदरलँड्समधील जीवशास्त्रज्ञ फ्रिटसन गॅलिस यांनी १९९९ साली या धाग्याचा माग काढला. काही माणसांच्या सातव्या मणक्याला बरगडी फुटते. म्हणजे मानेचा मणका छातीच्या मणक्यासारखा वागू लागतो. मोठ्या माणसांत हे प्रमाण साधारण एक टक्का किंवा त्याहून कमी असते. बहुतेकांना त्याचा त्रास नसतो. क्वचित कुणाचा हात बधिर होतो. परंतु गर्भातच किंवा जन्मताना दगावलेल्या अर्भकांत हे प्रमाण कितीतरी पटींनी अधिक आढळले. लहानपणी होणाऱ्या काही कर्करोगांशीही त्याचा संबंध दिसला. ती बरगडी जीव घेत नाही. गर्भाच्या वाढीत दुसरीकडेही काही बिनसल्याची ती चुगली करते. म्हणजे सातची संख्या बदलणारी बाळे आजही आपल्यात येतात, त्यातली फार थोडी मोठी होतात. पाठ्यपुस्तकात एका ओळीत उरकलेल्या आकड्यामागे केवढी घरे उदास झाली असतील, या विचाराने मी त्या दिवशी पुस्तक मिटून बराच वेळ बसून राहिलो होतो.

श्वासपटलाचीही एक बाजू आहे. आपल्या श्वासपटलाचे स्नायू गर्भात मानेच्या भागातून खाली उतरतात आणि त्याची नसही मानेतूनच निघते. मानेची आखणी बदलली तर श्वासाची व्यवस्था विसकटेल, असे काही संशोधकांना वाटते.

नियमाला अपवाद आहेत : मॅनाटी आणि स्लॉथ. मॅनाटीला सहा मणके, तीन बोटांच्या स्लॉथला सहसा आठ ते दहा. दोघेही कमालीचे संथ प्राणी. त्यांच्या शरीराचा व्यवहारच मंद असल्याने असले बदल त्यांना पचत असावेत, असा गॅलिस यांचा तर्क आहे.

आणि जिराफ? त्याने आडवाट शोधली. २०१६ साली तोक्यो विद्यापीठातील मेगु गुंजी आणि हिदेकी एन्दो यांनी दाखवले, की जिराफाच्या छातीचा पहिला मणका बरगडी सांभाळूनही बराच हलतो आणि मानेच्या हालचालीला हातभार लावतो. नाव छातीचे, काम मानेचे!

राहत्या वाड्याची दुरुस्ती करताना खोल्या वाढवता येतात, माडी चढवता येते; मधला खांब मात्र हलवता येत नाही, कारण खाली माणसे नांदत असतात. गर्भाचेही तसेच असते. वाढीच्या प्रत्येक दिवशी त्याला जिवंत राहावे लागते. आपल्या मानेचा हिशेब गर्भधारणेनंतरच्या चौथ्या-पाचव्या आठवड्यात, आईला पुरती चाहूलही लागलेली नसते तेव्हा, मांडला जातो. म्हणूनच गरोदरपणाच्या अगदी आरंभी, किंवा दिवस गेल्याची नुसती शंका असली तरीही, डॉक्टरांना विचारल्यावाचून कोणतेही औषध घेऊ नये, हा थोरामोठ्यांचा सल्ला मला आता अधिकच मोलाचा वाटतो.