मोबाईलवरून व्हर्च्युअल मशीन उघडत नाही? फायरवॉल बंद करू नका, आधी हे तपासा

विंडोज लॅपटॉपवर व्हर्च्युअलबॉक्स टाकलं, त्यात उबुंटू बसवलं आणि कॉलेज प्रोजेक्टची वेबसाइट सुरू केली. लॅपटॉपच्या ब्राउझरमध्ये ती झटकन उघडते. पण मोबाईलवर कशी दिसते ते बघायला गेलात, तर नुसतं गोल फिरत राहतं.

अशा वेळी बरेच जण सरळ फायरवॉलच बंद करतात. साइट उघडते खरी, पण त्याच वाय-फायवरच्या बाकीच्यांसाठीही लॅपटॉप उघडा पडतो. होस्टेलच्या वाय-फायवर तर हे अजिबात करू नका.

नेमकं काय होतं?

व्हर्च्युअल मशीन म्हणजे कॉम्प्युटरच्या आत चालणारा दुसरा कॉम्प्युटर. बाहेरचा तो होस्ट, आतला तो गेस्ट. व्हर्च्युअलबॉक्समध्ये नेटवर्क सुरुवातीला 'नॅट' प्रकारात असतं. गेस्टला १०.०.२.१५ असा आतला पत्ता मिळतो आणि मोबाईल तिथे थेट पोहोचू शकत नाही. म्हणून आपण पोर्ट फॉरवर्डिंग करतो: होस्टच्या ८०८० पोर्टवर जे येईल ते गेस्टच्या ८० पोर्टकडे पाठव.

पण दारात फायरवॉल बसलेली असते, सोसायटीच्या वॉचमनसारखी. बाहेर जाणाऱ्याला ती सहसा अडवत नाही, म्हणून गेस्टमध्ये यूट्यूब चालतं. बाहेरून येणाऱ्याला मात्र परवानगीशिवाय आत सोडत नाही.

अडलंय कुठे?

१. गेस्टच्या आत ब्राउझरमध्ये लोकलहोस्ट उघडा. नाही उघडलं तर सर्व्हरच बंद आहे.

२. लॅपटॉपवर लोकलहोस्ट:८०८० उघडा. नाही उघडलं तर पोर्ट फॉरवर्डिंग चुकलंय.

३. मोबाईलवर लॅपटॉपचा वाय-फाय पत्ता आणि पुढे :८०८० टाका. पहिल्या दोन पायऱ्या जमल्या आणि फक्त इथेच अडलं, तर फायरवॉलवर संशय घ्या.

त्याआधी दोन गोष्टी बघा. पोर्ट फॉरवर्डिंगमध्ये 'होस्ट आयपी'चा रकाना रिकामा हवा, तिथे १२७.०.०.१ असेल तर साइट फक्त लॅपटॉपवरच उघडेल. दुसरं, काही वाय-फाय एका डिव्हाइसला दुसऱ्याशी बोलूच देत नाहीत. लॅपटॉप मोबाईलच्या हॉटस्पॉटला जोडून पुन्हा बघा. आणि पिंगवर विसंबू नका; विंडोज बऱ्याचदा पिंगला उत्तरच देत नाही.

उपाय

स्टार्ट मेनूत 'विंडोज डिफेंडर फायरवॉल विथ ॲडव्हान्स्ड सिक्युरिटी' शोधा आणि 'इनबाउंड रूल्स' उघडा.

आधी यादीत व्हर्च्युअलबॉक्सच्या नावापुढे लाल खूण आहे का बघा. पहिल्यांदा परवानगीची खिडकी आली तेव्हा घाईत 'कॅन्सल' दाबलं असेल, तर विंडोजने 'ब्लॉक'चा नियम करून ठेवलेला असतो. खरी गोम इथे आहे: 'ब्लॉक' आणि 'अलाऊ' दोन्ही नियम असतील तर 'ब्लॉक'च जिंकतो. नवा नियम कितीही नीट केलात तरी उपयोग होत नाही. म्हणून ती नोंद आधी 'डिसेबल' करा.

मग 'न्यू रूल' निवडा: पोर्ट, टीसीपी, ८०८०, 'अलाऊ'. पुढे फक्त 'प्रायव्हेट'वर टिक ठेवा आणि लक्षात राहील असं नाव द्या.

शेवटी वाय-फायच्या प्रॉपर्टीजमध्ये नेटवर्क 'प्रायव्हेट' आहे ना ते बघा. 'पब्लिक' असेल तर हा नियम लागूच होणार नाही. पण 'प्रायव्हेट' हे फक्त घरच्या वाय-फायला किंवा स्वतःच्या हॉटस्पॉटला करा.

आता मोबाईलवर पान रिफ्रेश करा. लॅपटॉपमध्ये दुसरी एखादी अँटिव्हायरस कंपनीची फायरवॉल असेल तर परवानगी तिच्यात द्यावी लागेल. आणि प्रोजेक्ट दाखवून झाला की तो नियम 'डिसेबल' करायला विसरू नका. काम संपलं की दार लावून घ्यायचं!