फळझाडे आणि सूक्ष्म अन्नद्रव्ये

नागपूर व अमरावती जिल्ह्यांतील संत्र्याच्या बागांत एक दृश्य पुष्कळदा आढळते. झाडांना पाणी वेळेवर मिळालेले असते. शेणखत, नत्र, स्फुरद व पालाश देण्यातही कसूर झालेली नसते. तरीही नवी पालवी बारीक व अरुंद निघते. पानांच्या शिरा हिरव्या राहतात आणि त्यांमधील भाग पिवळा पडतो. पेरांतील अंतर घटून पानांचे झुबके बनतात व पुढे फांद्या शेंड्याकडून वाळू लागतात. बागाईतदार घाबरून खताची मात्रा वाढवतो. परंतु झाडाची भूक निराळीच असते. त्याला हवे असते जस्त, आणि तेही अत्यल्प.

हे प्रमाण किती अल्प असते? संत्रावर्गीय झाडाच्या एक किलोग्रॅम वाळलेल्या पानांत साधारणपणे 25 ग्रॅम नत्र असते, तर जस्त सुमारे 25 मिलिग्रॅम, म्हणजे नत्राच्या हजारावा हिस्सा असले तरी पुरते. लोह, मँगनीज, तांबे, बोरॉन व मॉलिब्डेनम हीदेखील अशीच सूक्ष्म अन्नद्रव्ये होत. प्रमाण अल्प असले तरी त्यांचे कार्य दुसरे कोणतेही द्रव्य करू शकत नाही. जस्तावाचून वाढीस चालना देणारे संप्रेरक पुरेसे तयार होत नाही. म्हणून पाने लहान राहतात.

या रोगाचे खरे कारण 1930 च्या सुमारास कॅलिफोर्नियात योगायोगानेच उमगले. तेथील शास्त्रज्ञांनी बारीक पानांच्या झाडांना भरपूर हिराकस, म्हणजे फेरस सल्फेट, घातले तेव्हा झाडे सुधारली. लोहाची उणीव होती असा निष्कर्ष निघणे स्वाभाविक होते. पण शुद्ध हिराकस वापरताच गुण येईनासा झाला. अशुद्ध हिराकशीत मिसळलेले जस्त हेच खरे औषध ठरले होते!

मग विदर्भातील काळ्या जमिनीत जस्त नसते काय? असते, परंतु झाडाच्या हाती लागत नाही. ही जमीन बहुधा चुनखडीयुक्त व विम्लधर्मी असते. अशा जमिनीत जस्त व लोह न विरघळणाऱ्या स्वरूपात जखडले जातात. स्फुरदाचा अतिरेक झाल्यास जस्ताचे शोषण आणखी मंदावते. म्हणजे घाबरून घातलेले जादा खत कित्येकदा उणीव वाढवीत असते.

यास्तव मुळांची वाट टाळून पानांवाटे जस्त दिले जाते. शंभर लिटर पाण्यात 500 ग्रॅम झिंक सल्फेट व 250 ग्रॅम कळीचा चुना वेगवेगळे कालवून, गाळून एकत्र करतात आणि कोवळ्या पालवीवर फवारतात. चुना न घातल्यास द्रावणाच्या आम्लतेने पाने करपण्याचा संभव असतो. पानात शिरलेले जस्त पुढच्या पालवीकडे फारसे सरकत नाही. म्हणून नव्या बहराबरोबर फवारणी पुन्हा करावी लागते.

तथापि प्रत्येक पिवळे पान जस्त मागत नाही. लोहाच्या उणिवेत पानाचा आकार कायम राहून शिरांची हिरवी जाळी तेवढी उठून दिसते. मॅग्नेशियमची उणीव जुन्या पानांवर प्रथम प्रकटते. साचलेले पाणी व मूळकूज यांनीही झाड पिवळे पडते. सर्वांत फसवा तो ग्रीनिंग रोग. त्यातील पिवळे चट्टे मधल्या शिरेच्या दोन्ही बाजूंना सारखे नसतात; जस्ताच्या उणिवेत ते सारखे असतात. या रोगावर जस्त फवारीत बसणारा बागाईतदार पैसा तर गमावतोच, शिवाय शेजारची निरोगी झाडेही धोक्यात घालतो.

म्हणून फवारणीपूर्वी पान व माती यांचे पृथक्करण करून घेणे श्रेयस्कर. नागपूर येथे 1985 मध्ये सुरू झालेल्या लिंबूवर्गीय फळांच्या राष्ट्रीय संशोधन संस्थेने या प्रश्नांचा सातत्याने अभ्यास केला आहे. चिमूटभर द्रव्याने बाग तरते हे खरे. पण बोरॉनसारखे द्रव्य थोडे अधिक झाले, तर तेच झाडाला विष ठरते. कोणते द्रव्य आणि किती, हे पारखूनच ठरवावे लागते.