वंशावळीतून मूल खोडता येत नाही!

बारावी शास्त्र शाखेत शिकणारी एक मुलगी काही महिन्यांपूर्वी आपल्या काकांसोबत आमच्याकडे आली. तिला जात वैधता प्रमाणपत्रासाठी अर्ज करायचा होता. अभियांत्रिकीला राखीव जागेवर प्रवेश घ्यायचा तर हा कागद लागतोच. वडिलांचा शाळा सोडल्याचा दाखला, आजोबांच्या नोंदीचा कोतवाल बुकातील उतारा, जातीचा दाखला, सगळे कागद जागेवर होते. राहिले होते फक्त वंशावळीचे प्रतिज्ञापत्र. पणजोबांपासून एकेक नाव लिहीत आम्ही तिच्या दिवंगत वडिलांपर्यंत आलो आणि विचारले, "यांना मुले किती?"

काका पटकन म्हणाले, "ही एकटीच, वकीलसाहेब."

मुलगी खाली पाहत होती. मग हळूच म्हणाली, "सर, दोन लिहा."

हकिकत अशी. वडील सरकारी नोकर होते. हृदयविकाराने अचानक गेले. पुण्यानुमोदनाच्या दिवशी विहाराच्या दाराशी एक बाई दहा-अकरा वर्षांच्या मुलाला घेऊन उभी राहिली. नातेवाइकांनी तिला हाकलून दिले. पण त्या मुलाचा चेहरा हुबेहूब आपल्या पप्पांसारखा आहे, हे या पोरीने पाहिले. सतराव्या वर्षी तिला एकाच दिवशी दोन गोष्टी समजल्या. आपल्याला एक भाऊ आहे आणि आपले पप्पा आपल्याशी खोटे बोलत होते. "दर शनिवारी जादा ड्युटी आहे म्हणायचे. डबा मीच भरून द्यायची," एवढेच ती आम्हाला म्हणाली. त्यानंतर पंधरा दिवस ती कॉलेजात गेली नव्हती. पप्पांचा फोटो तिने भिंतीकडे तोंड करून ठेवला होता.

आता खरे सांगतो. काकांच्या म्हणण्याला आम्हीही मान डोलावली होती. आधी हिचे काम होऊ द्या, नंतर पाहू, असे आम्ही म्हणालो. तेव्हा त्या मुलीने जो प्रश्न केला, त्याला आमच्या वकिलीत उत्तर नव्हते. "त्याची आई पप्पांची टी.सी. मागायला आली होती. काकांनी दिली नाही. उद्या माझ्या वंशावळीत त्याचे नाव नसेल, तर त्याची वैधता कशी निघणार?"

बांधवांनो, पोरीचा मुद्दा अगदी बरोबर होता. जातीचा दावा सिद्ध होतो तो वडिलांकडील रक्ताच्या नात्यातील कागदांवरून. अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा लागतो आणि तो आजोबा-पणजोबांच्या नोंदीतच सापडतो. हे कागद पहिल्या घराच्या पेटीत. बहिणीने शपथेवर लिहून दिले की वडिलांना दुसरे अपत्य नाही, तर पुढे दक्षता पथक हेच प्रतिज्ञापत्र त्या मुलासमोर ठेवील. शिवाय खोट्या शपथेचा दोष मुलीच्याही माथी येईल. म्हणजे बापाच्या लबाडीची शिक्षा दोन्ही लेकरांना!

कायदा या बाबतीत काय सांगतो ते आपल्या वस्त्यांत फार थोड्यांना ठाऊक असते. १९५५ चा विवाह कायदा बौद्धांनाही लागू आहे. पहिली पत्नी हयात असताना, फारकत झालेली नसताना केलेले दुसरे लग्न रद्दबातल असते. तो गुन्हाही आहे आणि त्याला सात वर्षांपर्यंत कैद आहे. मात्र त्याच कायद्याचे १६ वे कलम सांगते की अशा लग्नाची संतती औरसच मानली जाईल. पित्याच्या मालमत्तेत त्या मुलाला बहिणीइतकाच वाटा आहे. सावत्र म्हणून अर्धा वाटा हा गैरसमज आहे. रामेश्वरी देवी विरुद्ध बिहार राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००० साली दुसऱ्या पत्नीला कुटुंब निवृत्तिवेतन नाकारले, पण तिच्या अज्ञान मुलांचा हक्क मान्य केला. १ सप्टेंबर २०२३ च्या रेवणसिद्धप्पा प्रकरणातील निकालाने तर एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत बापाच्या वाट्याला येणाऱ्या हिश्शातही अशा मुलांचा अधिकार मान्य केला. इतर नातेवाइकांच्या मिळकतीवर मात्र त्यांना हक्क सांगता येत नाही. त्या बाईला मात्र, ती फसवली गेली असली तरी, पत्नी म्हणून निवृत्तिवेतन मिळत नाही, हेही आपल्या लेकीबाळींनी ध्यानात ठेवावे.

मुलाला जन्मावरून उणे ठरवणे ही कोणाची रीत? मनूने बारा प्रकारचे पुत्र मोजले, त्यांतल्या सहांना वारस ठरवले आणि सहांना डावलले. डावललेल्यांत शूद्र स्त्रीचा पुत्र होता. ते पुस्तक बाबासाहेबांनी २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला जाळले. पुढे हिंदू कोड बिलात त्यांनी एकपत्नीत्वाचा आग्रह धरला आणि बिल रखडवले गेले तेव्हा १९५१ साली मंत्रिपदावर लाथ मारली. त्या बाबासाहेबांचे नाव घेणारा पुरुष तिसरे शील रोज म्हणतो आणि दोन घरे चालवतो, तेव्हा आमची चळवळ गप्प का बसते? कार्यकर्ता आहे, देणगी देतो, म्हणून? बाप जिवंत असताना आपण काणाडोळा करतो आणि तो गेल्यावर लेकराला विहाराच्या दारातून हाकलतो. असले धम्माचरण आम्हाला मान्य नाही.

सिद्धार्थ गौतमालाही सावत्र भाऊ होता. नंद हा महाप्रजापती गौतमीचा मुलगा. तिनेच आईवेगळ्या सिद्धार्थाला वाढवले आणि पुढे नंदही बुद्धांच्या संघात आला. अर्थात तिथे लपवाछपवी नव्हती. इथे आहे, म्हणून त्या मुलीकडून एकदम मैत्रीभावनेची अपेक्षा करणेही अन्याय आहे. आईचे दागिने सावत्र आईच्या अंगावर पाहून बाल भीमालाही संताप आला होता. लेकरांचा राग खरा असतो. तो दाबायला सांगू नका, आणि त्याला वारसाच्या भांडणाचे हत्यारही करू नका. राग बापाचा आहे, तो भावावर निघू नये एवढेच वडीलधाऱ्यांनी पाहावे.

त्या दिवशी आम्ही वंशावळीत दोन नावे लिहिली. काका रागावून उठून गेले. मुलीच्या आईने शपथपत्रावर सही केली. रडत केली, पण केली. चार दिवसांनी त्या बाईला आणि मुलाला आम्ही कार्यालयात बोलावले. मुलीने पप्पांच्या सगळ्या कागदांच्या झेरॉक्स प्रती एका पिशवीत घालून आणल्या होत्या. मुलगा तिला "ताई" म्हणाला. तिने ओ दिली नाही. पिशवी त्याच्या हातात दिली आणि म्हणाली, "नीट ठेव. भिजू देऊ नको."

हे प्रेम आहे असे आम्ही म्हणणार नाही. हा न्याय आहे. प्रेम पुढे येईल अथवा येणार नाही, तो त्या दोघांचा प्रश्न. परंतु न्याय आजच करावा लागतो. तुमच्या वस्तीत असे एखादे लेकरू दाराबाहेर उभे असेल तर त्याला आत घ्या. त्याच्या बापाचे कागद त्याला द्या. आणि जे अजून जिवंत आहेत, लपूनछपून दोन संसार हाकत आहेत, त्यांनी आपले खोटे निस्तरायला आपल्या लेकरांना लावू नये.

जयभीम!