एका ओट्यावरचे दोन बाजार

इंदूरच्या राजवाड्यापासून हाकेच्या अंतरावर सराफा नावाचा बाजार आहे. दिवसभर तेथे सोन्याचांदीची उलाढाल चालते. रात्री सराफ मंडळी दुकाने बंद करून घरोघर जातात आणि पाहता पाहता त्याच दुकानांच्या ओट्यांपुढे खाद्यपदार्थांचे ठेले उभे राहतात. मक्याच्या कणसाचा कीस, थंडीच्या दिवसांत तळलेले गराडू, ताटाएवढा जलेबा, दहीवडे, यांच्या वासाने गल्ली भरून जाते व मध्यरात्र उलटली तरी गर्दी हटत नाही. रात्रीच्या या वर्दळीमुळे बंद दुकानांची राखण आपोआप होते, असेही तेथे सांगतात. दिवसाचा व्यापारी आणि रात्रीचा व्यापारी एकाच जागेवर आपापले पोट भरतात, ही गोष्ट आम्हांस मोठी शहाणपणाची वाटली.

परंतु जागेचा धनी दुसऱ्याला ओट्यावर बसूच देणार नाही असे म्हणाला, तर? क्रिकेटच्या खेळात असा प्रसंग २००७ साली घडला. त्याची हकीकत आज आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहो, कारण तिच्यात केवळ खेळाचा नव्हे, तर शेकडो तरुणांच्या रोजीरोटीचा प्रश्न गुंतला होता.

ही हकीकत इंदुरात आठवावी, हेही योग्यच. खेळाडूला खेळाबरोबर पोटाचीही काळजी असते, हे या शहराने फार पूर्वी ओळखले होते. नागपूरचे सी. के. नायडू १९२३ साली होळकर दरबारच्या बोलावण्यावरून येथे आले व त्यांना संस्थानच्या सैन्यात हुद्दा मिळाला. नायडूंच्या हाताखाली इंदूरचेच मुश्ताक अली घडले. होळकर संघाने १९४५-४६, १९४७-४८, १९५०-५१ आणि १९५२-५३ असे चार वेळा रणजी करंडक जिंकले. पुढे संस्थाने गेली, तसा १९५५ च्या सुमारास तो संघही इतिहासजमा झाला. राजाश्रय संपला आणि खेळाची सर्व सूत्रे एकट्या भारतीय क्रिकेट नियामक मंडळाच्या हाती आली.

मार्च २००७ मध्ये वेस्ट इंडीजमधील विश्वचषक स्पर्धेत भारतीय संघ पहिल्याच फेरीत गारद झाला व देशभर निराशा पसरली. लगेच एप्रिल महिन्यात झी दूरचित्रवाणीचे सुभाष चंद्र यांनी ‘इंडियन क्रिकेट लीग’ नावाची नवी स्पर्धा जाहीर केली. मंडळाच्या सामन्यांच्या प्रक्षेपणाचे हक्क मिळविण्याचे त्यांचे पूर्वीचे प्रयत्न फळास आले नव्हते. तेव्हा दुसऱ्याचे सामने दाखविता येत नाहीत तर आपलेच सामने भरवावेत, असा हा विचार होता. विश्वविजेत्या संघाचे कर्णधार कपिल देव यांनी लीगचे नेतृत्व पत्करले. किरण मोरे, इंग्लंडचे टोनी ग्रेग व ऑस्ट्रेलियाचे डीन जोन्स त्यांच्या साथीला आले. मुंबईच्या संघाला शिकविण्याचे काम संदीप पाटील यांनी घेतले आणि त्या संघात वेस्ट इंडीजचा ब्रायन लारा खेळला.

अशा धाडसाला जगात पूर्वाधार होता. १९७७ साली ऑस्ट्रेलियात केरी पॅकर यांनीही प्रक्षेपणाच्या हक्कांवरून चिडूनच निराळी मालिका काढली होती. मोठी मैदाने त्यांना मिळाली नाहीत. तेव्हा त्यांनी खेळपट्ट्या वेगळ्या तयार करून, उचलून आणून दुसऱ्या मैदानांत बसविल्या. इंग्लंडमध्ये त्यांच्या खेळाडूंवर घातलेली बंदी तेथील उच्च न्यायालयाने बेकायदा ठरविली. त्या दाव्यातील एक वादी हेच टोनी ग्रेग होते. अखेर १९७९ मध्ये तडजोड झाली आणि रंगीत पोशाख व विजेच्या प्रकाशातील सामने सर्वांनीच स्वीकारले.

भारतात मात्र तडजोड झाली नाही. कपिल देव यांना राष्ट्रीय क्रिकेट अकादमीच्या अध्यक्षपदावरून ऑगस्ट २००७ मध्ये दूर करण्यात आले. जो खेळाडू लीगमध्ये जाईल त्याला भारतीय संघाचेच नव्हे, तर रणजी सामन्यांचेही दार बंद झाले. मंडळाशी संलग्न संस्थांची मैदाने लीगला मिळाली नाहीत. म्हणून ३० नोव्हेंबर २००७ रोजी सुरू झालेली सहा संघांची पहिली स्पर्धा हरियाणातील पंचकुला येथे भरवावी लागली. मुंबई, चेन्नई, कोलकाता अशी मोठमोठ्या शहरांची नावे धारण करणारे संघ त्या एकाच मैदानावर खेळले. चेन्नईचा संघ विजयी झाला. पण तो विजय पाहण्यास चेन्नईचा माणूस तेथे कोठून असणार?

दरम्यान मंडळ स्वस्थ बसले नव्हते. त्याने देशांतर्गत स्पर्धांची पारितोषिके वाढविली आणि सप्टेंबर २००७ मध्ये स्वतःची ‘इंडियन प्रीमियर लीग’ जाहीर केली. त्याच महिन्यात भारताने वीस षटकांचा विश्वचषक जिंकला व या झटपट खेळाचे लोकांना वेड लागले. १८ एप्रिल २००८ रोजी बंगळूरला प्रीमियर लीगचा पहिला सामना झाला आणि प्रेक्षक व पैसा दोन्ही तिकडे वळले. जुन्या लीगने लाहोर व ढाका येथील संघ आणून पाहिले. नोव्हेंबर २००८ मध्ये लाहोरच्या संघाने अजिंक्यपदही मिळविले. पण त्याच महिन्याच्या २६ तारखेस मुंबईवर दहशतवादी हल्ला झाला आणि पुढील सामने अर्ध्यावर सोडावे लागले. त्यानंतर ती लीग पुन्हा उभी राहिली नाही.

या झुंजीत सर्वांत अधिक किंमत कोणी मोजली? धनिकांनी नव्हे, किंवा नामवंतांनीही नव्हे. ती मोजली रणजी सामन्यांत वर्षानुवर्षे घाम गाळणाऱ्या साध्या खेळाडूंनी. महाराष्ट्राचा सलामीचा फलंदाज धीरज जाधव हा त्यांपैकीच एक. भारतीय संघात जागा अकराच. उरलेल्यांनी घर चालवावे कशावर? चार पैसे बरे मिळतात म्हणून करारावर सही केली, एवढाच त्यांचा अपराध.

२००९ मध्ये मंडळाने माफीची मुदत जाहीर केली, तेव्हा बहुतेक भारतीय खेळाडू परतले. त्यांपैकी अंबाती रायुडू २०१३ मध्ये व स्टुअर्ट बिन्नी २०१४ मध्ये भारताकडून खेळले. संदीप पाटील २०१२ मध्ये निवड समितीचे अध्यक्ष झाले आणि स्टुअर्टचे वडील रॉजर बिन्नी २०२२ मध्ये त्याच मंडळाच्या अध्यक्षपदी बसले! मात्र ज्यांच्या उमेदीची दोन वर्षे वाया गेली, त्या सर्वांनाच अशी परतफेड लाभली नाही.

अमेरिकेतही असेच एक उदाहरण आहे. तेथील फुटबॉल आपल्या फुटबॉलाहून निराळा. लांबट चेंडू हाती घेऊन धावण्याचा. तेथे १९८३ साली निघालेली ‘युनायटेड स्टेट्स फुटबॉल लीग’ तीन हंगामांत बसली. तिने जुन्या बलाढ्य लीगवर मक्तेदारीचा दावा लावला. १९८६ मध्ये पंचांनी मक्तेदारी मान्य केली. पण भरपाई ठरविली एक डॉलर! कायद्याप्रमाणे तिप्पट होऊन ती तीन डॉलर झाली. आपल्याकडेही स्पर्धा आयोगाने २०१३ मध्ये क्रिकेट मंडळाला ५२ कोटी २४ लाख रुपये दंड ठोठावला. दुसऱ्या कोणत्याही लीगला मान्यता देणार नाही, असे अभिवचन मंडळाने प्रक्षेपणाच्या करारात दिले होते, हा ठपका होता. अपिलात प्रकरण परत आले तेव्हा २०१७ मध्ये आयोगाने तोच दंड पुन्हा लावला. न्याय उशिरा आला की दुकान आधीच उठलेले असते, हे दोन्हीकडे सारखेच.

भातकापणी झाली की आपल्या गावच्या शेतांत मुले चेंडूफळी मांडतात. त्यांतील एखाद्याला उद्या कोणी मोठ्या वेतनाचा करार दाखवील. त्या वेळी आईबापांनी वेतनाचा आकडा तर विचारावाच. पण मैदान कोणाचे, खेळ बंद पडला तर परतीची वाट कोणती, आणि ठरलेले पैसे हाती कधी पडतील, हेही विचारून घ्यावे. खेळाच्या धन्यांनी मात्र एकदा रात्री इंदूरच्या सराफ्यात जावे. दुसऱ्याला ओटा दिल्याने सराफाचे सोने कमी होत नाही, हे त्यांना तेथे उघड्या डोळ्यांनी पाहता येईल.