फोनवरचे दुकान आणि मनाची उमेद

आपल्या घोडेगावच्या जनावरांच्या बाजारात म्हैस घेणारा मनुष्य दात पाहतो, कास चाचपतो, चार पावले चालवून बघतो आणि मगच भावाची गोष्ट काढतो. फोनवरून पापड किंवा मसाला मागविणाऱ्या गिऱ्हाइकाला यातले काहीच करता येत नाही. त्याच्यापुढे एक चित्र असते आणि विकणाऱ्याचा शब्द असतो. तेव्हा या धंद्याचे पहिले भांडवल म्हणजे शब्द. सांगितलेले वजन भरले पाहिजे, माल सांगितल्या दिवशी निघाला पाहिजे, खराब निघाला तर हुज्जत न घालता बदलून दिला पाहिजे. पहिली मागणी नवलाईने येते, दुसरी विश्वासाने येते. आणि धंदा वाढतो तो दुसरीने.

वाट पूर्वीपेक्षा सोपी झाली आहे. २०१६ पासून यूपीआयमुळे पैसे फोनवर मिळू लागले. १ ऑक्टोबर २०२३ पासून, वर्षाची उलाढाल ४० लाखांच्या आत असलेल्या विक्रेत्याला जीएसटीची नोंदणी न करताही ऑनलाईन बाजारपेठेतून आपल्या राज्यापुरता माल विकता येतो. त्यासाठी फक्त नावनोंदणीचा क्रमांक घ्यावा लागतो. खाण्याच्या जिनसांना अन्नसुरक्षेची नोंदणी मात्र हवीच.

मग धंदे बंद का पडतात? साधा हिशेब करू. समजा, एक किलो पापडाचे ३०० रुपये घेतले. डाळ, तेल, मसाला १४०, पाकीट व खोके २०, टपालखर्च ६०. उरले ८०. लाटणे, वाळविणे, बांधणे यात दोन तास गेले, तर तासाला ४० रुपये पडले. कामगार मालकाला मजुरीचा जाब विचारतो, पण स्वतःच मालक झालेली बाई आपली मजुरी हिशेबात धरीतच नाही. चार महिन्यांनी तिची उमेद खचते आणि घरचे म्हणतात, हिला आळस आला. तो आळस नसतो. बुडालेल्या मजुरीचा तो थकवा असतो. म्हणून भाव ठरविताना आपली मजुरी आधी धरा. तेवढ्या भावाने माल खपत नसेल तर जिन्नस बदला, पण मजुरी सोडू नका.

दुसरी गोष्ट, एकट्याची उमेद फार दिवस टिकत नाही. मुंबईच्या गिरणगावात खानावळी चालविणाऱ्या बायका घरातच राबत आणि सावकाराच्या व्याजात पिचत. १९७५ साली प्रेमाताई पुरव यांनी त्यांना अन्नपूर्णा महिला मंडळात एकत्र आणले, राष्ट्रीयीकृत बँकेची कर्जे मिळवून दिली. बाई तीच, चूलही तीच; पण पाठीशी बायकांचा गट उभा राहिला, तेव्हा बँकेच्या दारात जाण्याचे बळ आले. फोनवर विकणाऱ्यांनीही हेच करावे. पाच-सात जणींनी डाळ एकत्र आणावी, पार्सले एकत्र पाठवावी, आणि आठवड्यातून एकदा बसून कोणाचा माल परत आला, का आला, हे मोकळेपणाने बोलावे.

तिसरी गोष्ट विश्रांतीची. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली गिरणी कामगारांची संघटना उभारली, आणि झगडून १८९० साली रविवारची सुटी मिळविली. आज फोनवरचा दुकानदार रात्री अकराला गिऱ्हाइकाला उत्तर देतो आणि रविवारीही देतो. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी मालकाच्या हातून सोडविलेली सुटी त्याने आपण होऊन परत दिली आहे! उत्तरे देण्याची वेळ ठरवून दुकानाच्या पानावर लिहून ठेवा. आठवड्याचा एक दिवस बंद पाळा. आपला आठवड्याचा बाजार एकाच दिवशी भरतो, तरी माणसे त्या दिवसाची वाट पाहून येतातच. तुमच्या शब्दावर विश्वास बसलेले गिऱ्हाईकही सोमवारपर्यंत थांबेल.