कोणत्या सालचा टॉल्किन?

सकाळी ६.३०
चहा उकळेपर्यंत टेबल आवरतो. डावीकडे ‘द हॉबिट’ आणि ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’, म्हणजे कादंबरीकार टॉल्किननी स्वतः प्रुफं तपासून छापलेली पुस्तकं. मध्ये १९७७ चं ‘द सिल्मरिलियन’. टॉल्किन गेल्यावर चार वर्षांनी त्यांचे चिरंजीव ख्रिस्टोफर यांनी ते जुळवून प्रसिद्ध केलं. उजवीकडे १९८० चं ‘अनफिनिश्ड टेल्स’ आणि १९८३ ते १९९६ या काळात निघालेले ‘हिस्टरी ऑफ मिडल-अर्थ’चे बारा खंड. या खंडांत त्या जुळवाजुळवीमागचे कच्चे खर्डे आहेत. मी टॉल्किनच्या या कल्पित जगाचा मराठी नामकोश करतोय. नाव, वडील, कूळ, मृत्यू अशा चार ओळींचं काम. घेतलं तेव्हा सोपं वाटलं होतं.

सकाळी ७.३०
पहिलं कार्ड गिल-गॅलडचं. एल्फांचा राजा, सौरॉनशी लढताना पडला. वडील? १९७७ चं पुस्तक सांगतं, फिंगॉन. लिहिणार तेवढ्यात बारावा खंड उघडला आणि हात थांबला. १९६५ च्या एका टिपणात टॉल्किननी त्याला ओरोड्रेथचा मुलगा केलंय. ओरोड्रेथलाही एक पिढी खाली सरकवलंय. आधी तो फिनरॉड या एल्फ राजाचा भाऊ होता, आता पुतण्या झालाय. ख्रिस्टोफर तिथे कबूल करतात की फिंगॉनचं नाव छापणं चूक होती, ती गोष्ट मोघम ठेवलेली बरी होती. मी वडिलांचा रकाना कोरा ठेवतो आणि दुसऱ्या कपाला उठतो.

सकाळी ९.१५
भाचीचा फोन. “मामा, ओर्क म्हणजे बिघडवलेले एल्फच ना? पैज लागलीये.”
१९७७ च्या पुस्तकात तसंच आहे, पण तिथेही ते ‘जाणत्यांचं मत’ म्हणून येतं. पुढे टॉल्किनना स्वतःलाच ते पटेना. दहाव्या खंडातल्या उत्तरकालीन लेखांत ते कधी ओर्कांना माणसांपासून झालेले म्हणतात, तर कधी निव्वळ पशू. माणसांपासून म्हणावं, तर माणसं जागी होण्याआधीच ओर्क हजर आहेत. मग माणसांचं आगमन मागे न्यायला हवं. माणसं सूर्याबरोबर आली, म्हणजे सूर्यही मागे न्यायला हवा. एक टाका उसवला की सगळी शिवण सुटते.
“म्हणजे मी जिंकले की हरले?”
“कोणत्या सालावर पैज लावलीस?”
तिने फोन ठेवला.

सकाळी ११.००
वाटलं, डावीकडचा ढीग तरी पक्का असेल. तोही पूर्ण पक्का नाही. ‘हॉबिट’च्या १९३७ च्या आवृत्तीत गॉलम कोड्यांच्या पैजेत अंगठीच लावतो आणि ती सापडेना म्हणून कथानायक बिल्बोची माफी मागतो. पुढच्या कादंबरीत ती अंगठी जिवापेक्षा प्यारी ठरली, तेव्हा हा प्रसंग जुळेना. १९५१ च्या आवृत्तीत प्रकरण बदललं. जुना मजकूर मात्र फेकला नाही. बिल्बोने आधी सोबत्यांना सांगितलेली ती थाप होती, असं कथेतच ठरवून टाकलं. लेखकाची दुरुस्ती पात्राच्या माथी! कार्डावर दोन्ही आवृत्त्यांची सालं लिहिली.

दुपारी १.३०
वरण-भात आणि थोडी झोप. पुण्यात राहणाऱ्याला अशा वेळी भांडारकर संस्था आठवणारच. १९१९ ते १९६६ अशी सत्तेचाळीस वर्षं तिथे महाभारताची चिकित्सक आवृत्ती चालली. पाठभेद मांडायचे, मागाहून शिरलेलं ओळखायचं, ते तळटीपेत किंवा परिशिष्टात टाकायचं. ती रीत मला वापरता येत नाही. तिथे हात अनेकांचे, आणि खुलासा विचारायला कवी नाही. इथे प्रत्येक चिठ्ठी एकाच माणसाच्या अक्षरातली आहे. प्रक्षेप करणारा खुद्द कवीच असेल तर तळटीपेत कोणाला धाडायचं? शेवटचा शब्द तो खरा म्हणावं, तर शेवटचे शब्द अर्धवट. सर्वांत पूर्ण मजकूर घ्यावा, तर तो पुष्कळदा सर्वांत जुना.

दुपारी ३.००
एका नोंदीने मात्र वाट दाखवली. एल्रॉस या नावातला ‘रॉस’ कुठला, यावर टॉल्किननी उत्तरायुष्यात लांबलचक निबंध लिहिला. तो शब्द माणसांच्या एका जुन्या बोलीतला, असं सिद्ध करत आणलं. मग लक्षात आलं की ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’मध्ये नदीतल्या एका बेटाचं नाव केअर अँड्रॉस असं छापून गेलंय आणि तिथला ‘रॉस’ एल्फांच्या भाषेतला आहे. निबंधावर त्यांनी शेरा मारला की यातलं बहुतेक निकालात निघतं. या जगाचा निर्माता तो, तरी छापलेल्या एका बेटापुढे त्याने मान तुकवली. पहिला नियम मिळाला: जे त्यांनी हयातीत छापलं, ते त्यांनाही बंधनकारक होतं. मग मला का नसावं?

दुपारी ४.३०
पुढचं कार्ड डोरिअथ या एल्फांच्या राज्याच्या विनाशाचं. या कथेचं शेवटचं सलग लेखन १९३० चं. राणी मेलिअनच्या मायेचं कुंपण ओलांडून बुटक्यांची फौज आत शिरली कशी, हे टॉल्किननी कधीच नक्की केलं नाही. थिंगोल राजाला काहीतरी करून बाहेर काढलं पाहिजे, एवढं टिपून ठेवलं. ग्रंथ छापायचा तर भोक बुजवणं भाग होतं. ख्रिस्टोफर आणि त्यांचे तरुण मदतनीस गाय गॅव्हरिएल के यांनी राजाला त्याच्याच महालात, कामाला आलेल्या बुटक्या कारागिरांकडून मारवलं. मग शोकाकुल मेलिअन निघून जाते आणि कुंपण आपोआप पडतं. बांधणी सुरेख आहे, पण ती वडिलांची नाही. १९९४ च्या अकराव्या खंडात ख्रिस्टोफरनी ते उघड सांगितलं, आणि संपादकाची मर्यादा ओलांडली की काय, ही शंकाही लिहून ठेवली. आपल्याच पुस्तकाविरुद्ध एवढा पुरावा देणारा संपादक विरळा. या कार्डावर ‘सं.’ असा शिक्का.

संध्याकाळी ६.३०
प्रकाशकांचा फोन. “अहो, वाचकाला एक उत्तर हवं असतं. बारा खंड कोण चाळणार?”
चूक नाही त्यांचं. पण एकच उत्तर छापलं, तर १९७७ साली ख्रिस्टोफरना जे नाइलाजाने करावं लागलं, तेच मी पुन्हा करेन, आणि तेही बारा खंड हाताशी असताना. तडजोड ठरली. नोंद चार ओळींचीच राहील, पण प्रत्येक विधानापुढे साल येईल. ‘ह.’ म्हणजे हयातीत छापलेलं, ‘सं.’ म्हणजे संपादकाने जुळवलेलं, ‘टि.’ म्हणजे टिपणातलं. विरोध आला तर ‘ह.’ वरचढ. बाकी दोन शेजारी-शेजारी बसतील.

रात्री ९.३०
शेवटचं कार्ड गॅलाड्रिएलचं. १९६७ मध्ये छापलेल्या एका टिपेत ती बंड करून निघालेल्या एल्फांच्या नेत्यांपैकी एक. १९७३ च्या ऑगस्टमध्ये, आयुष्याच्या शेवटच्या महिन्यात, टॉल्किन तिला त्या बंडातून पूर्ण बाजूला काढत होते, निष्कलंक करत होते. २ सप्टेंबरला ते गेले. मला दुसरी गॅलाड्रिएल जास्त प्रिय आहे, तरी नियमाप्रमाणे पहिली वर येते.

झोपण्याआधी सकाळचा कोरा रकाना भरला. गिल-गॅलड. वडील: फिंगॉन (सं., १९७७), ओरोड्रेथ (टि., १९६५). ‘ह.’ पुढे काहीच नाही, कारण ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’मध्ये टॉल्किननी त्याच्या वडिलांचं नाव दिलेलंच नाही.