नेमबाजीच्या प्रशिक्षणवर्गाची निवड

राष्ट्रीय छात्रसेनेतून नेमबाजीकडे वळलेल्या अंजली भागवत यांच्यासारखी उदाहरणे समोर असल्याने महाविद्यालयीन विद्यार्थी या क्रीडाप्रकाराचे वर्ग शोधू लागतो. किती गोळ्या झाडावयास मिळतील, हा त्याचा बहुधा पहिला प्रश्न असतो. वस्तुतः तो गौण होय. एका प्रशिक्षकाकडे किती प्रशिक्षणार्थी आहेत व प्रत्येकाच्या ट्रिगरवरील बोटाकडे त्याचे लक्ष असते काय, हे आधी पाहावे. १० मीटर एअर रायफलच्या लक्ष्यावरील दहा गुणांचा बिंदू अवघा ०.५ मिलिमीटर व्यासाचा असतो. ट्रिगर दाबताना बसलेला सूक्ष्म झटकाही छर्रा भरकटवितो. ही चूक वेळीच दाखविली गेली नाही, तर वाढत्या सरावाने तीच अंगवळणी पडते. म्हणूनच चांगल्या वर्गात रायफल रिकामी असल्याची खात्री करून छर्ऱ्याविना सराव करवून घेतात. (स्प्रिंगच्या रायफलीस मात्र तो अपायकारक ठरतो.) प्रवेशापूर्वी रेंजवर तासभर नुसते उभे राहावे. एखाद्याच्या रायफलीची नळी चुकून बाजूस वळताच प्रशिक्षक संपूर्ण सराव थांबवितो की हसून दुर्लक्ष करतो, हे तेथेच कळते.